खरखरीत कोण बोलतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरातल्या एका बंद गिरणीच्या मागच्या चाळीत तुम्ही वाढलात. आजोबा त्याच गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, आतली यंत्रं भंगारात गेली, तरी थंडीत रात्री माग चालल्याचा आवाज येतो असं आजोबा सांगतात आणि चाळीतली आणखी चार-पाच माणसंही सांगतात. कलाशिक्षण संपवून तुम्ही गावी परतलात आणि आता यावर इन्स्टॉलेशन, म्हणजे जागाभर मांडलेलं कलाकाम, करायचं म्हणता. भूत शोधणारे लोक वापरतात तो दिव्यांचा मीटर मागवून झाला आहे, उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा घ्यायचा विचार आहे, आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजावर एआय चालवून त्यातले शब्द काढायचे आहेत. हे सगळं अंधश्रद्धेला खतपाणी न घालता कसं करायचं, आणि अशा कामाला कोणी कला म्हणतं का, असे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर झटकन देता येतं. म्हणतात, आणि बरीच वर्षं म्हणत आले आहेत. पहिल्या प्रश्नाशी मी स्वतः वीसेक वर्षं झगडतोय, त्यामुळे उत्तर लांबेल.

१९५९ साली स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन नावाचा चित्रकार पक्ष्यांचे आवाज टेप करत होता. टेप ऐकताना पक्ष्यांच्या मागे माणसं बोलतायत असं त्याला वाटलं. पुढे त्याने आयुष्यभर तेच ऐकलं. लाटवियाचा कॉन्स्टंटिन राउडिव्ह त्याच्या मागोमाग या नादाला लागला, हजारो ध्वनिमुद्रणं केली आणि १९६८ साली जर्मन भाषेत त्यावर जाडजूड पुस्तक छापलं. रेडिओची दोन स्टेशनांमधली खरखर टेप करायची आणि तिचे तुकडे पुन्हा पुन्हा ऐकायचे, ही त्याची पद्धत. राउडिव्हच्या आवाजांची एक गंमत आहे. ते एकाच वाक्यात लाटवियन, जर्मन, स्वीडिश, रशियन असे भाषा मिसळून बोलतात. त्याला ही परलोकाची खूण वाटली. मला वाटतं, ती ऐकणाऱ्याची खूण होती. राउडिव्ह स्वतः बहुभाषिक होता, घरदार सोडून देशोदेशी राहिलेला होता. खरखरीने त्याच्यापुढे आवाज टाकले, त्यांचे शब्द त्याच्या कानाने केले.

हे सगळं कलेत आलं ते सुझन हिलरसारख्यांमुळे. जन्माने अमेरिकन, पण ब्रिटनमध्ये काम केलेली ही कलाकार २०१९ मध्ये गेली. तिच्या १९८७ च्या ‘मॅजिक लँटर्न’ या कामात अंधाऱ्या खोलीत भिंतीवर रंगीत प्रकाशाची वर्तुळं पडतात, एकमेकांवर चढतात, विझतात. सोबत राउडिव्हच्या टेप आणि हिलरचं स्वतःचं गुणगुणणं ऐकू येतं. वर्तुळ विझल्यावर भिंतीवर नसलेला रंग तुम्हाला दिसत राहतो, कारण तो तुमच्या डोळ्यात तयार झालेला असतो. आणि नेमक्या त्याच वेळी कानावर असा आवाज पडतो, ज्यात शब्द आहेत की नाहीत हे ठरत नाही. राउडिव्ह खरा की खोटा यावर हिलर बोलतच नाही. डोळा काय करतो ते ती तुम्हाला तुमच्याच डोळ्यात दाखवते आणि कानाचं काय ते तुमच्यावर सोडते. या विषयावरचं इतकं प्रामाणिक काम मला दुसरं सापडलेलं नाही.

आपल्याकडे हा जादूचा दिवा नवा नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये काचेवर हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर हलवून दाखवायला सुरुवात केली आणि खेळाला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी म्हणजे माया. माया दाखवतोय हे खेळाच्या नावातच सांगितलेलं होतं, आणि तरी लोक रंगून जात. तुम्हाला तुमच्या कामासाठी मराठीत पूर्वज हवा असेल तर मी यांच्याकडे बोट दाखवीन.

आता सोलापूर. राउडिव्हला चार देश फिरून जो कान मिळाला तो आपल्याला शहराच्या पूर्व भागात जन्मतःच मिळतो. घरात तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी, मागावर हिंदी. ‘रा’ एवढा एक आवाज घ्या. तेलुगू माणसाला तो ‘ये’ असा ऐकू येतो. आपल्याकडच्या बोलीत ‘गप रा’, ‘उभा रा’ म्हणतात, तिथे त्याच ‘रा’चा अर्थ ‘थांब’. ‘बा’ म्हटलं की कन्नड माणसाला कोणीतरी बोलावतंय, आणि खेड्यातल्या मराठी माणसाला बाप आठवतो. एकाच खरखरीतून एकाला ‘ये’ आणि दुसऱ्याला ‘थांब’ ऐकू येईल असं शहर या विषयासाठी शोधूनही सापडणार नाही. तुमच्या कामाचं खरं भांडवल हे आहे, मीटर नाही.

हे मला कसं कळलं ते सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात मी एका प्रदर्शनात लोखंडी ट्रंकेत एक रेडिओ बसवला होता. तो सतत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेशनं ओलांडत राहायचा, कुठेच थांबायचा नाही. परदेशात २००२ च्या सुमारापासून भूत शोधणारे असली पेटी वापरतात, तीच कल्पना. प्रत्येक स्टेशनाचा क्षणभराचा तुकडा बाहेर पडतो, आणि कान ते तुकडे जोडू लागतो. ट्रंकेवर मी काहीच लिहिलं नव्हतं. गूढ राहावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी विडी कारखान्यात काम करणाऱ्या एक अक्का आल्या, साठीच्या. मुलीबरोबर सहज आत शिरल्या होत्या. ट्रंकेपाशी उभ्या राहिल्या आणि हलेनात. तिसऱ्या दिवशी एकट्या आल्या. चौथ्या दिवशी डबा घेऊन आल्या आणि ट्रंकेशेजारी बसून जेवल्या. मुलीकडून कळलं, त्यांचा मुलगा गेलेला होता आणि त्यांना ट्रंकेतून ‘अम्मा, रा’ ऐकू आलं होतं. मी घाबरलो. त्या रात्री रेडिओ काढला, ट्रंक घरी नेली, संयोजकांना बिघाड झाला म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी अक्का आल्या तेव्हा कोपरा रिकामा होता. मी त्यांच्यासमोर रडवेला होऊन सांगून टाकलं की आत साधा रेडिओ होता. त्या म्हणाल्या, “रेडिओ हाय ते मला पहिल्याच दिवशी कळलं, तम्मुडू. नेलास कशाला?”

या वाक्याने माझं सगळं काम बदललं. त्यांना मी फसवलंय असं मी धरून चाललो होतो. त्या फसलेल्या नव्हत्याच. यंत्र काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, आपण काय ऐकतोय हेही ठाऊक होतं, आणि दोन्ही एकाच वेळी जवळ बाळगायला त्यांना काही अडचण नव्हती. अडचण माझी होती. ट्रंक उघडी ठेवली असती, आत रेडिओ दिसला असता, तरी त्या बसल्या असत्या, आणि मला पळ काढावा लागला नसता. तेव्हापासून मी यंत्र कधीच झाकत नाही. तारा दिसतात, स्पीकर दिसतो, कुठला आवाज कुठून येतो ते पाटीवर मराठी, कन्नड आणि तेलुगूत लिहिलेलं असतं. तुम्हीही तसंच करा. गूढ वाढवण्यासाठी यंत्र लपवलं की पुढचं सगळं काम ते लपवण्यातच जातं. धूर, अचानक दार आपटणं, लाल दिवे हे गड्ड्याच्या जत्रेतल्या भूतबंगल्यासाठी ठेवा. तिथे लोक ठरवून घाबरायला जातात आणि तो बंगला ते काम चोख करतो.

आता तुमच्या आवाजाकडे येतो. आजोबांना आवाज येतो तर तो बहुतेक खरंच येत असणार, म्हणजे हवेतून येत असणार. थंडीत येतो म्हणता, यातच मेख आहे. दिवसा जमीन तापते, खालची हवा गरम आणि वरची थंड असते. अशा हवेत आवाज वर वळतो आणि लांब पोचत नाही. हिवाळ्याच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर निवते. थंड हवेचा थर खाली बसतो, त्यावर जरा उबदार हवा. आता आवाज वरून खाली वळतो आणि एरवी पोचला नसता इतक्या लांब जातो. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रातपाळीला माग चालू असतात. त्यांचा आवाज तुमच्या गिरणीच्या रिकाम्या शेडमध्ये शिरून घुमला, तर चाळीतल्या माणसाला तो आतूनच येतोय असं वाटेल. ज्या माणसाने तीस वर्षं त्या शेडमध्ये धोट्याची खटखट ऐकली, त्याला तर नक्कीच.

हे तपासता येतं आणि तपासायलाच हवं. दोन रेकॉर्डर घ्या. एक शेडच्या भिंतीपाशी ठेवा, दुसरा पूर्वेकडे किलोमीटरभर लांब. सुरुवातीला दोन्ही एकत्र धरून एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर वेळ जुळवता येईल. आवाजाला किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. पूर्वेकडच्या रेकॉर्डरवर जो ठोका आधी आला तोच तीनेक सेकंदांनी शेडपाशी आला, तर तुमच्या भुताचा पत्ता लागला. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-सव्वाशे फटके मारतो, म्हणजे सेकंदाला दोनेक. एकच माग असेल तर स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, ते उभ्या रेघांसारखे ओळीने दिसतात. शंभर माग एकत्र असतील तर रेघा पुसट होऊन पावसासारखं दिसतं. मागांना सुट्टी असते त्या रात्रीही एक रेकॉर्डिंग कराच. कंपनं पकडणारी पिझोची चकती घ्या, अगदी किरकोळ पैशांत मिळते, आणि शेडच्या लोखंडी खांबाला मेणाने चिकटवा. मात्र ती सरळ रेकॉर्डरला जोडलीत तर खालचे सूर गळून जातील. मध्ये उच्च प्रतिरोधाचा, आवाज वाढवणारा छोटा प्री-अँप लागतो, एक मेगाओहमच्या आसपासचा. खांबातून तुम्हाला जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येईल. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर गुणगुणतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल. मला अजून येतो.

उत्तर सापडलं तर काम संपलं, असं तुम्हाला वाटेल. मला तर इथे ते सुरू होताना दिसतं. बंद गिरणीला दुसऱ्यांच्या मागांचा आवाज रात्री येऊन भेटतो, आणि तो फक्त थंडीत, आभाळ स्वच्छ असताना. आजोबांच्या पिढीचं काम कुठे गेलं, कोणाच्या हातात गेलं, हे त्या तीन सेकंदांत ऐकू येतं. भूत आहे म्हणून सांगितलं असतं तर हे हातचं गेलं असतं.

मीटरबद्दल. तो दिव्यांचा मीटर बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर लागतो, म्हणजे वायरिंग, मोटार आणि तुमच्या खिशातला फोन. भिंतीतल्या कुठल्या तारेतून वीज वाहतेय याचा अंदाज घ्यायला वापरा, पण दिवे लागले नाहीत म्हणून तार मेलेली धरू नका. त्यापेक्षा टेलिफोनची जुनी पिकअप कॉइल रेकॉर्डरला माइकच्या जागी जोडा आणि हेडफोन लावून शहरात फिरा. क्रिस्टिना कुबिश ही जर्मन कलाकार २००४ पासून लोकांना असे खास हेडफोन देऊन शहरांतून चालवते. एटीएम, दुकानाच्या पाट्या, ट्रामच्या तारा, सगळं गाऊ लागतं. नवी पेठेतून असं एकदा चालून बघा.

थर्मल कॅमेरा मात्र घ्या, पण आकृती पकडायला नको. स्वस्तातल्याचं चित्र १६० बाय १२० ठिपक्यांचं असतं, सेकंदाला जेमतेम नऊ चौकटी. काच आणि गुळगुळीत फरशी त्याला आरशासारखी दिसते, त्यामुळे तुमचंच प्रतिबिंब भूत म्हणून समोर येईल. त्याचा उपयोग दुसराच आहे. आजोबांना गिरणीच्या फाटकाजवळच्या बाकावर दहा मिनिटं बसवा आणि मग उठवा. ते गेल्यावर त्यांच्या बैठकीची ऊब बाकावर उजळ दिसत राहते आणि हळूहळू विझते. हा एकच शॉट, न कापता. त्यात काही बनवायला लागत नाही.

गूढ वातावरण तयार करणाऱ्या यंत्रांवर फार भरवसा ठेवू नका, याला माझ्याकडे चांगलं कारण आहे. १९९८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या व्हिक टँडी या इंजिनिअरने लिहिलं की त्याच्या प्रयोगशाळेतल्या भुताचं मूळ एका पंख्यात होतं. तो सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज करत होता. ही गोष्ट इतकी सुंदर आहे की कलाकार तेव्हापासून खोल्यांत खोल आवाजाचे मोठाले वूफर बसवत आलेत. पण पुढे लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि वास्तुरचनाकार उस्मान हक यांनी खोलीच बांधली. ७९ माणसांना तिथे एकेकटं पन्नास मिनिटं ठेवलं, कधी चुंबकीय क्षेत्र, कधी तो खोल आवाज, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. निष्कर्ष २००९ मध्ये छापले. अनेकांना कोणीतरी आहे असं वाटलं, घेरी आली, भीती वाटली. पण त्याचा यंत्र चालू-बंद असण्याशी संबंध लागला नाही. इथे काहीतरी विचित्र वाटू शकेल, असं त्यांना आधी सांगितलेलं होतं, आणि बहुधा तेच पुरलं. म्हणून सांगतो, दारात तुम्ही काय सांगता तेच तुमचं सगळ्यात ताकदवान यंत्र आहे. प्रवेशाजवळची पाटी दहा वेळा लिहा.

एक यंत्रणा मात्र खरोखर काम करते, आणि ती जपून वापरा. स्वित्झर्लंडमधल्या ओलाफ ब्लांके यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की माणसाने हाताने पुढे टोचलं आणि तेच टोचणं यंत्राने त्याच्या पाठीवर अर्ध्या सेकंदाने उशिरा केलं, तर मागे कोणीतरी उभं आहे असं वाटू लागतं. काहींना ते सहन झालं नाही, त्यांनी प्रयोग थांबवायला सांगितलं. मी हे पावलांवर करून पाहिलं आहे. लाकडी फळीखाली माइक, आणि तुमचंच पाऊल मागच्या स्पीकरमधून अर्ध्या सेकंदाने. लोक वळून बघतात. पाटीवर लिहिलेलं असूनही वळतात.

एआयबद्दल तुमची कल्पना मला आवडली, फक्त ती उलटी धरा. बोलण्याचं लिखाण करणारी मॉडेलं शांततेतूनही वाक्यं काढतात. २०२२ मध्ये आलेल्या व्हिस्परची ही खोड सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नसताना ते ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ यासारखं काहीतरी लिहून मोकळं होतं. असं वळण त्याला नेटवरच्या व्हिडिओंच्या सबटायटलांनी लागलेलं दिसतं. हा आजचा राउडिव्ह आहे, फक्त त्याला आई नाही, गाव नाही. कोरियातल्या शिनसुंगबॅक किमयोंगहुन या जोडीने २०१२ मध्ये चेहरे ओळखणारा प्रोग्राम ढगांवर लावला आणि त्याला जे ढग चेहरे वाटले तेवढेच भिंतीवर मांडले. तुम्ही शेडमधली एकच रात्र त्या मॉडेलला तीनदा द्या, एकदा मराठी सांगून, एकदा कन्नड, एकदा तेलुगू. बाहेर पडेल ते शेजारी-शेजारी छापा. आणि चौथ्या कागदावर तीच रात्र ऐकून चाळीतल्या माणसांनी काय ऐकलं ते त्यांच्या शब्दांत. मॉडेलने काढलेलं वाक्य मृताचं म्हणून कुठेही मांडू नका, गमतीतही नाही. आजोबांच्या आवाजाची नक्कल एआयकडून करवून घेऊ नका. ते जिवंत आहेत, त्यांनाच बोलवा.

कायद्याचं थोडक्यात. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भुताच्या नावाने लोकांत घबराट पसरवणं त्यात गुन्हा आहे. तुमचं काम त्याच्या जवळपासही जाणार नाही, पण बातमी करणारा मथळा देईल ‘गिरणीत भूत’. म्हणून पत्रकारांना द्यायचा मजकूर तुम्हीच लिहा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना उद्घाटनाआधी बोलवा आणि दोन रेकॉर्डरचं मोजमाप दाखवा. ते खूश होतील आणि प्रश्न चांगले विचारतील. आवारात जायची परवानगी लेखी घ्या. रात्री एकटे जाऊ नका, जुन्या छपरांचे पत्रे आणि साप यांना कला कळत नाही.

आजोबांना मात्र आत्ताच निष्कर्ष सांगू नका. आधी त्यांना सलग बोलू द्या, रेकॉर्डर समोर ठेवून. आवाज कुठल्या बाजूने येतो, किती माग असतील, कुठल्या पाळीचा वाटतो. जुना कामगार आवाजावरून मागाची दुरुस्ती सांगू शकतो, तेव्हा त्यांच्याकडून येणारी माहिती मीटरपेक्षा बारीक असेल. मग रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकवा. त्यानंतर तीन सेकंदांची गोष्ट सांगा, आणि ते काय म्हणतात ते प्रदर्शनात जसंच्या तसं येऊ द्या, तुमच्या मोजमापाच्या विरोधात गेलं तरी.

गड्डा भरलेला असताना शहरात लाउडस्पीकर फार असतात, तेव्हा रेकॉर्डिंग करू नका. यात्रा उठली की पुढच्या निरभ्र रात्री, वारा नसताना, साधारण दोन ते पाचच्या दरम्यान. माझ्याकडचे दोन रेकॉर्डर जानेवारीत मोकळे आहेत, घेऊन जा. सेल नवे घाला आणि दोन जोड्या खिशात ठेवा, थंडीत ते लवकर उतरतात.